मोठी माणसं सांगतात, पण डबा कोण भरतं?



मुलांमधला लठ्ठपणा हा विषय हल्ली पंतप्रधानांच्या भाषणापासून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. २३ फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जेवणातलं तेल १० टक्क्यांनी कमी करा, असं आवाहन केलं. लगेच दुसऱ्या दिवशी त्यांनी दहा जणांची नावं जाहीर केली. आनंद महिंद्रा, सुधा मूर्ती, नेमबाज मनू भाकर, वेटलिफ्टर मीराबाई चानू, गायिका श्रेया घोषाल अशी ती नावं होती. यातल्या प्रत्येकाने पुढे आणखी दहा जणांना सांगायचं, अशी ती साखळी.

कल्पना चांगली आहे. पण माझ्यासारख्या प्राथमिक शिक्षिकेला वेगळाच प्रश्न पडतो. दिल्लीतून निघालेलं हे सांगणं आमच्या संगमनेरच्या वर्गातल्या मुलाच्या डब्यापर्यंत पोहोचतं का? आणि पोहोचलं तर कोणत्या रूपात पोहोचतं?

माझं मत आधीच सांगून टाकते. नामवंतांचं सांगणं उपयोगी पडतं, पण ते घरातल्या मोठ्यांनी ऐकायचं असतं. तेच सांगणं मुलाच्या अंगावर फेकलं, तर मूल निरोगी होत नाही, फक्त लाजतं.

एकाच वर्गातली दोन मुलं

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार १९९० मध्ये जगातली ५ ते १९ वयोगटातली २ टक्के मुलं लठ्ठ होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ८ टक्के झालं, म्हणजे चौपट. आपल्या महाराष्ट्राचं बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झालं. पण त्याच सर्वेक्षणात राज्यातली ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची आणि ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली.

हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. आपल्या तालुक्यात साखर कारखाना आहे, दूध आहे, बागायत आहे आणि पठार भागातली कोरडवाहू गावंही आहेत. एकाच बाकावर रोज पाच-दहा रुपयांची दोन पाकिटं संपवणारं मूल असतं आणि शाळेतली खिचडी हेच ज्याचं दिवसातलं पहिलं पोटभर जेवण, असंही मूल असतं. अशा वर्गात उभं राहून “कमी खा” असं सरसकट म्हणता येत नाही. ते एकाला लागू पडेल आणि दुसऱ्याचं नुकसान करेल.

लोकांना पटतं कसं?

माणसाला एखादी गोष्ट पटते तेव्हा त्यामागे सहसा तीन कारणं असतात. सांगणाऱ्याने ती स्वतः केलेली असते. सांगितलेली गोष्ट छोटी आणि मोजता येणारी असते. आणि ती आपल्या ओळखीच्या माणसाकडून आपल्यापर्यंत येते.

गाडगेबाबांना हे पुरतं माहीत होतं. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. उत्तर लोकांच्या तोंडून यायचं, त्यामुळे ते लोकांचंच व्हायचं. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचंही तसंच. लठ्ठपणा हा काही त्यांचा विषय नाही, त्यांचा विषय गावरान बियाण्यांचा. शाळेत न गेलेल्या या बाईंनी आधी स्वतःच्या घरी बियाणं जपलं, मग इतर बायांना दिलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण लोकांनी त्यांचं ऐकलं ते त्याच्या कितीतरी आधीपासून, त्यांची परसबाग बघून.

आता १० टक्के तेलाचं आवाहन याच कसोटीवर लावून बघा. महिन्याला चार लिटर तेल लागणाऱ्या घराने तीन लिटर सहाशे मिली वापरायचं. किराणा भरणाऱ्या माणसाला हे करता येतं, मोजता येतं. “निरोगी राहा” या मोघम उपदेशापेक्षा हे कितीतरी बरं.

आणखी एक उदाहरण आपल्या घरोघरी माहीत असलेलं. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवा, असं सांगितलं आणि त्यांच्या व्याख्यानांना सभागृहं भरली. २०१९ मध्ये राज्य सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत म्हणून त्यांना नेमलं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर थोड्या-थोड्या वेळाने खा, तूप-भात सोडू नका, घरचं खा, असं सांगतात. दोघांनाही मोठा वाचकवर्ग आहे. कोण बरोबर, हा वाद मी इथे काढत नाही. पण दोन जेवणांचा नियम अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही, हे दीक्षित सर स्वतः सांगतात, आणि घरी नेमकं तेवढंच वाक्य ऐकायचं राहून जातं.

तोच चेहरा, दुसरी बाटली

नाण्याची दुसरी बाजूही मुलांना दिसत असते. ज्या खेळाडूकडे बघून मूल बॅट हातात घेतं, तोच खेळाडू जाहिरातीत गोड पेय पिताना दिसतो. पटवून देण्याची ताकद एकच आहे, ती दोन्हीकडे वापरली जाते.

म्हणून मला पुलेला गोपीचंद यांचं मोल जास्त वाटतं. २००१ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकल्यावर त्यांच्याकडे शीतपेयाच्या जाहिरातीचा प्रस्ताव आला आणि त्यांनी तो नाकारला. जे मी स्वतः पीत नाही, ते इतरांना प्या म्हणून सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. २०१७ मध्ये विराट कोहलीनेही त्याच कारणासाठी शीतपेयाची जाहिरात सोडली. ज्याने पदरचं काही सोडलंय, त्याच्या बोलण्याला वजन येतं.

एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर एक व्हिडिओ केला. कंपनीची नोटीस आली, त्याने व्हिडिओ काढून टाकला. पण विषय थांबला नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितली. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकात साखरेचा वाटा १३ टक्के आहे, तो ५ टक्के हवा, असं त्या परिपत्रकात म्हटलं आहे.

हे मुलांपर्यंत कसं उतरतं

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. माझ्या वर्गात एक चौथीतली मुलगी होती. चांगली जेवणारी, पळणारी. एके दिवसापासून ती मधल्या सुट्टीत ताट घेऊन बसायची, पण खिचडी नुसती चिवडायची. दोन-तीन दिवसांनी जवळ घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, “मॅडम, मामा म्हणतो तू टीव्हीत दाखवतात तसली झालीस.” घरात कुणीतरी लठ्ठपणावरचा कार्यक्रम बघितला होता आणि त्यातून तिच्या वाट्याला एवढंच आलं होतं. तिच्या आईशी बोलले. त्या माउलीला तर यातलं काहीच माहीत नव्हतं.

बघा, नऊ वर्षांचं मूल किराणा आणत नाही, तेल ओतत नाही, डबा भरत नाही. रडलं की हातात मोबाईल आणि पाकीट देणारे आपणच. मग लठ्ठपणाचा ठपका त्याच्यावर का? “जाड्या”, “ढोल्या” ही हाक वर्गात आणि घरात दोन्हीकडे बंद झाली पाहिजे. चिडवून कुणाचं वजन उतरत नाही. मूल खेळायला जायचं मात्र बंद होतं.

भाषणामागे नियमही हवा

इंग्लंडमध्ये २००५ साली जेमी ऑलिव्हर या प्रसिद्ध शेफने शाळेतलं जेवण सुधारण्यासाठी मोहीम काढली. दोन लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, सरकारने पैसे दिले. पण पुढच्याच वर्षी रॉदरहॅममध्ये काही आया शाळेच्या कुंपणातून मुलांना बर्गर आणि चिप्स देताना दिसल्या. मला त्या आयांचा राग येत नाही. त्यांना कुणी विश्वासात घेतलंच नव्हतं, असं वाटतं.

आपल्याकडे नियम आहेत. मे २०१७ च्या शासन निर्णयाने शाळेच्या उपाहारगृहात जंक फूड विकायला बंदी आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. आता तुमच्या शाळेच्या फाटकातून ५० मीटर चालून बघा. नियम कागदावर आहे की रस्त्यावर, ते लगेच कळेल. पालकांना सोबत घेतलं, तर तो रस्त्यावरही येऊ शकतो.

आपण काय करू शकतो?

सीबीएसईचा आदेश आपल्या झेडपी शाळांना नाही, पण फळा आपल्याकडेही आहे. मला सुचलेल्या चार गोष्टी सांगते:

१. गणिताच्या तासाला पाकिटं वाचा. १०० मिलीत १० ग्रॅम साखर असेल, तर २५० मिलीच्या बाटलीत किती? २५ ग्रॅम. एका चमच्यात साधारण ४ ग्रॅम धरले, तर सहा चमच्यांहून जास्त. उत्तर मुलांना काढू द्या. त्यांनी स्वतः काढलेलं उत्तर त्यांच्या लक्षात राहतं.

२. भाषेच्या तासाला एक जाहिरात घ्या. कोण बोलतंय? त्याला याचे पैसे मिळतात का? त्याने काय सांगितलं नाही? चौथीची मुलं याची फार छान उत्तरं देतात.

३. पालकसभेत मुलांच्या वजनाबद्दल सगळ्यांसमोर बोलू नका. तेलाबद्दल, पाकिटांबद्दल, झोपेबद्दल, खेळाबद्दल बोला. वजनाचं बोलायचं असेल तर एकेकट्या पालकांशी बोला आणि आरोग्य तपासणीच्या डॉक्टरांकडे पाठवा.

४. खेळाचा तास खेळालाच द्या. राहिलेला पाठ्यक्रम त्यात पूर्ण करू नका.

आणि पाचवी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. शिक्षक खोलीतल्या चहासोबत रोज काय येतं, ते मुलं खिडकीतून बघत असतात. मीराबाई चानू त्यांना टीव्हीवर कधीतरी दिसते, आपण रोज दिसतो. त्यांच्यासाठी आपणही नामवंतच आहोत, आणि आई-बाबा तर त्याहून मोठे. या आठवड्यात पालकहो, फक्त डब्यातलं एक पाकीट काढून तिथे शेंगदाणा-गुळाचा लाडू किंवा एक पेरू ठेवा, आणि तुम्हीही तेच खा. मुलाने काय म्हटलं, ते मला जरूर कळवा.