विश्वस्ताने मांडलेला लिलाव

शासन सार्वजनिक जमिनीचे मालक नव्हे, विश्वस्त होय, हे तत्त्व तोंडाने सारेच मान्य करतात. त्याची कसोटी लागली मुंबईच्या गिरणगावात. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांतील राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या तर जनतेच्याच मालकीच्या होत्या.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरविले: मोकळ्या जागा, सार्वजनिक घरबांधणी आणि मालक. २००१ साली राज्य शासनाने दुरुस्ती केली: वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, जिच्यावर बांधकाम उभे, ती वगळावी. एका वाक्याने शहराचा वाटा मूठभर उरला. २००५ साली महामंडळाने मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. परंतु जे कायदेशीर ते न्याय्य असतेच असे नाही.

विक्रीतून कामगारांची देणी भागली, असे सांगितले जाते. ती भागलीच पाहिजेत. ते त्यांच्या घामाचे दाम होते. पण चढ्या बोलीने घेतलेल्या जमिनीवर स्वस्त घर कोण बांधणार? बोलीचा पैसा घराच्या किमतीतूनच वसूल होतो आणि कामगाराचा मुलगा शहराबाहेर फेकला जातो. पैसा एकदाच येतो. जमीन कायमची जाते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: सार्वजनिक जमीन विकू नये, द्यावयाचीच तर मुदतीच्या भाडेपट्ट्याने, व्यवहार आधी लोकांपुढे ठेवून द्यावी. कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील अशा जमिनींची नोंद आजच करावी. लिलाव पुकारल्यावर जागे होऊन उपयोग नाही.