यात्रेंतील पाहुणे

पाहुणा आला म्हणजे गांवास आनंद होतो, असें आपण सहज बोलून जातों. परंतु पाहुणा म्हणावें कोणास, याचा विचार क्वचितच करितों. आमच्या जिल्ह्यांतील सारंगखेडा या गांवाच्या निमित्तानें तो करावा, असें आम्हांस वाटतें.

शहादा व दोंडाईचा यांच्या दरम्यान तापीकांठीं वसलेलें हें शेतकऱ्यांचें गांव. कापूस, ऊस, केळी व पपई हीं या भागांतील पिकें. एरवीं आपल्या कामांत गढलेल्या या गांवाचें रूप मार्गशीर्षी पौर्णिमेस, दत्तजयंतीला, पार पालटतें. एकमुखी दत्ताच्या यात्रेंत राजस्थान, गुजरात, पंजाब अशा दूरदूरच्या प्रांतांतून घोडे येतात. जाणते लोक दांत पाहून वय ताडतात व चाल पाहून किंमत बोलतात. कानांचीं टोंकें एकमेकांस भिडणारा मारवाडी घोडा किंवा शुभ्र नुकरा दिसला कीं भोंवतीं गर्दी जमते. बैलगाड्या व शेतीचीं अवजारें यांचाही बाजार भरतो. सातपुड्याच्या पाड्यांतून भिल्ल व पावरा कुटुंबें येतात. त्यांची खरेदी लहान, पण वर्षाची हौस तीच.

अलीकडे या यात्रेस चेतक महोत्सवाची जोड मिळाली आहे. घोड्यांच्या शर्यती, नृत्यें, परगांवच्या प्रवाशांसाठीं सुखसोयींचे तंबू, असा थाट आला. यामुळें यात्रेचें पावित्र्य गेलें, असें कित्येक म्हणतात. आमचें मत तसें नाहीं. यात्रा आणि बाजार हीं आपल्याकडे पूर्वापार एकत्रच नांदलीं आहेत; आणि चारा विकणारा, नाल ठोकणारा, खानावळ चालविणारा, या सर्वांच्या घरीं त्यामुळें दोन पैसे येतात.

आमची तक्रार निराळी आहे. तंबूंतील प्रवाशाची जेवढी काळजी वाहिली जाते, तेवढी दूरवरून आलेल्या घोडेवाल्याची वाहिली पाहिजे. तो ऐन थंडींत आपल्या जनावराशेजारीं उघड्यावर निजतो. पाड्यावरून आलेली माउली लेंकरास कडेवर घेऊन रात्र काढते. हीं माणसें यावयाचीं थांबलीं, तर महोत्सवांत पाहण्यासारखें काय उरेल? त्यांस स्वच्छ पाणी, दिवाबत्ती, स्त्रियांसाठीं शौचकूप व जनावरांसाठीं पशुवैद्य, एवढें तरी मिळालेंच पाहिजे. खर्च कोठून करावा, असें कोणी विचारील, तर सौद्यांवर जें शुल्क जमा होतें, त्यांतील वांटा प्रथम या कामीं लागावा, असें आम्ही म्हणूं.

आपणां विद्यार्थ्यांसही येथें काम आहे. चुकलेल्यास वाट दाखविणें, पाण्याच्या ठिकाणीं उभें राहणें, यात्रा उठल्यावर नदीकांठ झाडून काढणें, यांस पैसा लागत नाहीं. पुढील मार्गशीर्षांत आपल्यापैकीं दहा जणांनीं जरी हें मनावर घेतलें, तरी पुष्कळ होईल.