बुरशी झाडण्यापूर्वी आडपडदा हवा

पावसाळा सरताच कोकणातील अनेक घरांत ओल्या भिंतीवरील बुरशी खराट्याने झाडली जाते. माझ्या मते ही स्वच्छता नव्हे, बुरशीची पेरणीच होय! तिचे सूक्ष्म बीजाणू हवेवाटे घरभर पसरतात; दमेकऱ्यास ते बाधतात आणि ओल मिळेल तेथे पुन्हा रुजतात.

म्हणून प्रथम मुलेबाळे व धान्य दूर हलवावे. दारावर छतापासून जमिनीपर्यंत प्लॅस्टिकचा कागद लावून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा ठेवावा. पडदा आत ओढला गेला, तर योजना साधली असे समजावे. नाकातोंडावर घट्ट मास्क बांधून, भिंत भिजवून मगच बुरशी पुसावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे एका घरी प्रत्यक्ष करून दाखवावे. मात्र भिंतीतील पाझर बंद केल्यावाचून हे सारे श्रम व्यर्थ होत, हे शेतकरी बंधूंनी विसरू नये.