चमत्कार नाही हो, हातचा!

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक आकडा फिरून येतो. १११११११११ गुणिले १११११११११ बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१. खाली जोडलेले हात आणि 'गणितातला दैवी चमत्कार!' पाठवणारे काका हा ब्लॉग वाचतात, म्हणून आधीच सांगतो, राग तुमच्यावर नाही. (बरं, थोडा आहे.)

मागच्या मे महिन्यात भाचा नागपूरला आला होता. भर दुपारी कुलरसमोर बसून म्हणाला, "मामा, नऊ एक आहेत म्हणून असं येतं. दहा घेतले तर?" हेच त्याने शिकवणीत विचारलं होतं. उत्तर मिळालं, "परीक्षेत येत नाही, पुढे चल."

मग आम्ही दोघांनी वहीत मांडलं. १११ गुणिले १११ म्हणजे १११च्याच तीन ओळी, एकेक घर सरकवून. मधल्या स्तंभात तीन एक, बाजूला दोन, टोकाला एक. झाले १२३२१! नऊ एकांचं तसंच, मधे नऊ. दहा घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज दहा, हातचा एक, आणि सगळी शिस्त मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. पोरगं ओरडलंच, "आठ कुठे गेला?" हातच्याने खाल्ला, बाप्पा!

आता सांगा, चमत्कार म्हणून हात जोडले असते तर हा आठ सापडला असता का? चमत्कार म्हटलं की प्रश्न संपतो. 'परीक्षेत येत नाही' म्हटलं तरी संपतो. मला तर हे दोघे सख्खे भाऊ वाटतात.

या संख्या आपल्याच माणसाच्या लाडक्या. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६). कल्पना सुचली ती डोंबिवली स्टेशनात, म्हणून नाव डेम्लो संख्या. कुणी म्हणेल, त्यांनीही १९३८च्या लेखात यांना 'वंडरफुल' म्हटलंच होतं. म्हटलं होतं ना! पण नवल वाटल्यावर ते हात जोडून बसले नाहीत, पेन्सिल घेऊन बसले. '६१७४'ही तसाच सापडला, १९४९ साली. जगाला मात्र ते बरेच उशिरा, १९७५मध्ये मार्टिन गार्डनरने लिहिल्यावर कळले.

या सतरा आकडी संख्येत पाहण्यासारखं अजून बरंच आहे. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने तिला नि:शेष भागही जातो. १११११११११ म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७, त्यामुळे हिच्यात या तिघांचेही वर्ग लपलेले. करून पाहा, कॅल्क्युलेटरशिवाय.

असो. काका, पुढच्या वेळी पाठवाल तेव्हा एवढंच करा. जोडलेले हात काढा आणि खाली लिहा, 'दहा एक घेतले तर?'