पिशवीवरचं काजू

अकोल्याच्या बाजारात मी धिंगरी अळंबी विकतो. गिऱ्हाईक पाकीट उलटंपालटं करून हमखास विचारतं, "भाऊ, याच्यात काजू असते काय?" दोष त्याचा नाही. बियाण्याच्या पिशवीवरचं 'प्लुरोटस साजोर-काजू' हे नाव मीच जसंच्या तसं पाकिटावर छापलं होतं. काजूशी त्याचा संबंध नाही. मलय भाषेत सायुर म्हणजे भाजी, कायू म्हणजे लाकूड. लाकडावरची भाजी. नाव झकास आहे, पण ते या अळंबीचं नाहीच.

खरी साजोर-काजू वेगळी. ती चिवट असते, तिच्या देठावर कडं असतं. डेव्हिड पेग्लर या ब्रिटिश कवकतज्ज्ञाने १९७५ मध्येच तिची जागा लेंटिनस गटात असल्याचं मांडलं होतं. पुढे डीएनएने तर सोयरीकच मोडली. लेंटिनसचे सख्खे निघाले झाडाच्या खोडावर फळीसारख्या वाढणाऱ्या टणक बुरशा. धिंगरीचा गण निराळा. दोघींच्या छत्रीखाली पंख्याच्या घड्यांसारखे पडदे असतात, पण ते दोन घराण्यांत स्वतंत्रपणे आले.

मग आपण सोयाबीनच्या कुटारावर पिकवतो ती कोण? ती प्लुरोटस पल्मोनेरियस, युरोप-अमेरिकेच्या जंगलातही उगवणारी. हे नुसत्या डीएनएवरून ठरलं नाही. दोन्हीकडच्या बीजाणूंपासून वाढवलेले धागे एकत्र ठेवले, तर ते जुळतात. प्रजाती एकच असल्याची याहून घरगुती खूण कोणती?

अमरावतीला बी.एस्सी. करताना आम्ही छत्री, देठ, पडदे बघून अळंब्यांचे वर्ग पाठ केले. नाक-डोळे सारखे दिसले की भाऊ-भाऊ ठरवायचं, तसला प्रकार. डेव्हिड हिबेट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये डीएनएच्या आधारे दाखवलं, की असे पडदे उत्क्रांतीत किमान सहा वेळा वेगवेगळे तयार झालेत. २०१२ मध्ये आयटीएस हा डीएनएचा तुकडा बुरशीचा बारकोड म्हणून सुचवला गेला. आम्ही मात्र परीक्षेत जुनीच वंशावळ लिहून पास झालो.

"नावानं काय फरक पडते? टोपली भरली म्हणजे झालं," असं माझेच मित्र म्हणतात. टोपली भरते, हे खरं. चवही बदलत नाही. पण मागच्या वर्षी एका विक्रेत्याने 'पल्मोनेरियस' ही नवीन जात म्हणून मला दुप्पट भावाने बियाणं दिलं. शेड वेगळं केलं, हिशोब वेगळा ठेवला. नंतर कळलं, दोन्ही पिशव्यांत प्रजाती एकच. वाण थोडं निराळं असेलही, पण मी पैसे मोजले ते नवीन प्रजातीचे. रोग, तापमान, संकर यांची माहिती शोधायला गेलो तरी तेच. चुकीचं नाव टाकलं की भलत्याच बुरशीची माहिती समोर येते.

आणि नावाचं महत्त्व वऱ्हाडाला कुणी शिकवावं? जूनमध्ये कपाशीच्या एका ठरावीक वाणासाठी आपण पहाटेपासून दुकानासमोर रांग लावतो. पाकिटात भलतंच निघालं तर बोगस बियाणं म्हणून रस्त्यावर उतरतो, आणि ते बरोबरच करतो. मग अळंबीच्या पिशवीला ही सूट कशासाठी? ती पिकवणारे थोडे, म्हणून? की "बुरशीच तं आहे" म्हणून?

शास्त्रज्ञ नावं फार बदलतात, ही तक्रार मलाही मान्य आहे. पण हे काही काल बदललेलं नाव नव्हे. चूक कळून कित्येक वर्षं झाली, तरी ती छापली जातेच आहे. विकणाऱ्यांनी देवनागरीत दोन शब्द बदलायचे आहेत, शिकवणाऱ्यांनी एक तक्ता.

मी माझ्या पाकिटांपासून सुरुवात केली. जुनी चारशे पाकिटं पडून होती. पेनाने खोडून प्रत्येकावर 'पल्मोनेरियस' लिहिलं. परवा एका काकूंनी विचारलं, "काजू काऊन काढले?"

म्हटलं, "काकू, नव्हतेच."