वीस युनिट, पण कोणत्या सिरिंजने?

बहुतेक औषधे आपण मिलिग्रॅममध्ये मोजतो. मग इन्सुलिनच तेवढे ‘युनिट’मध्ये का, असा प्रश्न एका वाचकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर टोरांटोत सापडते. १९२१ मध्ये फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला, तेव्हा तो इतका अशुद्ध होता की त्यातले इन्सुलिन तराजूवर तोलणे अशक्यच होते. म्हणून त्याचा परिणाम मोजला गेला. उपाशी सशाची रक्तशर्करा ठरावीक पातळीपर्यंत उतरवणाऱ्या मात्रेवरून युनिट ठरले. पदार्थ तोलता येत नसेल तर त्याचे कार्य मोजावे, ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते. आता शुद्ध इन्सुलिनचे वजन करता येते (एक युनिट म्हणजे जेमतेम ०.०३५ मिलिग्रॅम), तरी युनिट टिकून राहिले.

घोटाळा मात्र युनिटात नाही, संहतीत आहे. म्हणजे एका मिलिलिटर द्रवात किती युनिट सामावले आहेत यात. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिटांचे असते, पेनच्या कार्ट्रिजमधले सहसा १०० युनिटांचे. काही कुप्याही १०० च्या मिळतात. अमेरिकेहून मुलाने आणलेल्या कुप्या व सिरिंजा १०० च्याच असणार. दिसायला द्रव सारखाच. डोळ्यांना फरक कळत नाही.

आता हिशेब पाहा. ४० च्या सिरिंजवर वीसच्या रेघेपर्यंत द्रव भरला, तर तो अर्धा मिलिलिटर होतो. ४० च्या कुपीतून घेतला तर मात्रा बरोबर वीस युनिट. तेवढाच द्रव १०० च्या कुपीतून घेतला तर पन्नास! उलट, १०० च्या सिरिंजने ४० चे इन्सुलिन वीसच्या खुणेपर्यंत घेतले, तर पोटात टोचली जातात अवघी आठ युनिटे, आणि साखर का उतरत नाही म्हणून घरातले बिचाऱ्या आजोबांच्या पथ्यावर संशय घेतात.

म्हणून कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे प्रत्येक वेळी चष्मा लावून वाचावे. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल असते, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. पण मंद दिव्यात हे दोन रंग सहज फसवतात, तेव्हा आकड्यावरच विसंबावे. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधले इन्सुलिन सिरिंजने ओढण्याचा प्रकार तर कटाक्षाने टाळावा.

चुकून जास्त मात्रा गेल्याचा संशय आला, तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे व साखर तपासत राहावे. घाम, थरथर, घाबरेपणा किंवा असंबद्ध बोलणे दिसले आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी व पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून थेट रुग्णालय गाठावे, आणि ती कुपी व सिरिंज सोबत न्यावी.