हळद शिजवणीच्या धंद्याला गिऱ्हाईक कसे मिळेल?

पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर वसमतचा पट्टा भिजतो. तिथल्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आता गावची पोरे कर्ज काढून वाफेवर हळद शिजवणारे बॉयलर आणतात. नारळ फुटतो, चौकात फलक लागतो, आणि शेतकरी मात्र जुनी कढईच पेटवतो.

तो अडाणी म्हणून नव्हे. आठ-नऊ महिने जपलेले पीक तो दुसऱ्याच्या हाती देतो. हळद कच्ची राहिली किंवा जास्त शिजली, तर मोंढ्यात भाव त्याचा पडतो, बॉयलरवाल्याचा नाही.

म्हणून आम्ही या पोरांना सांगतो, फलकाचा खर्च वाचवा. गावातल्या सर्वांत चिकित्सक शेतकऱ्याच्या मळ्यात पहिला ड्रम शिजवा. गड्डे आणि हळकुंडे वेगळी शिजवा. काडी सहज आत जाते का, ते त्यालाच पाहू द्या. हळद वाळली की शेजाऱ्यांना त्याच ढिगापाशी बोलवा. क्विंटलचा दर किती, जळण-मजुरी कोणाची, माल बिघडला तर भरपाई काय, हे आधी कागदावर लिहा. नोंदणी काढणीआधीच घ्या. हंगाम दोन-तीन महिन्यांचा आहे, हप्ते वर्षभराचे.

शेतकरी भावांनो, घामाचे दाम आपण मागतो, तसे या पोरांनाही हवेत. अर्धे पैसे शिजवणीच्या दिवशी द्या, उरलेले मोंढ्याची पट्टी हाती आली की त्याच दिवशी. उधारीत बॉयलर विकला गेला, तर पुढच्या साली पुन्हा कढई आहेच.